डोंगरपट्ट्यातल्या वावरात भरीत पार्टी: चूल पेटवण्याआधी आणि जेवणं आटोपल्यावर

चंपाषष्ठी झाली की आपल्याकडे खानदेशात भरीत पार्ट्यांचा हंगाम लागतो. बामणोद-असोद्याकडची हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी बाजारात येतात, पुण्या-नाशिकला गेलेली मंडळी सुट्टी टाकून गावी येतात आणि कुणाच्या तरी वावरात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचे पाहुणेही वाढलेत. आता त्यात ड्रमच्या स्मोकरची (मांस मंद आचेवर, धुरावर शिजवायच्या झाकणाच्या ड्रमची) आणि कोळशाच्या शेगड्यांची भर पडली आहे.

हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांचं वावर किंवा फार्महाऊस सातपुड्याच्या पायथ्याशी आहे: रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा. चाळीसगावकडे गौताळ्याच्या डोंगरालगत असाल तरी हेच लागू. वर सागाचं पानगळीचं जंगल. जानेवारीनंतर पानं गळायला लागतात आणि फेब्रुवारीअखेर जमिनीवर करकरीत पाचोळ्याचा थर होतो. गवत तर त्याआधीच वाळलेलं असतं. तुमच्या बांधापासून त्या गवतापर्यंत बहुतेक ठिकाणी सलग वाळलेला पट्टा असतो, हे एकदा भर दुपारी चालत जाऊन बघा.

स्वयंपाक चालू असताना आग क्वचितच सुटते, कारण तेव्हा दहा माणसं तिच्याभोवती उभी असतात. जेवणं आटोपून सतरंज्या पसरल्या आणि गाणी लागली, की सगळे विझली समजून बसतात. म्हणून या लेखात भाजण्यापेक्षा आधीची आणि नंतरचीच कामं जास्त आहेत.

१. तारीख ठरवा, मग वांगी आणा

चंपाषष्ठी ते साधारण महाशिवरात्र हा भरताचा खरा हंगाम, आणि योगायोगाने आगीच्या दृष्टीनेही त्यातला बराचसा काळ बरा. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. या काळात जंगलालगत उघड्यावर चूल पेटवू नका, असं माझं सरळ मत आहे. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसकडे जातो, दुपारी वावटळी उठतात, तेव्हा गॅसवर वांगी भाजा. चव थोडी कमी होईल, चालेल.

भरताच्या हंगामातही पार्टीच्या दिवशी वारा बघा. हवामान खात्याच्या ‘मौसम’ अ‍ॅपवर वाऱ्याचा वेग दिसतो, पण डोळ्यांची खूण अधिक कामाची. वाऱ्याने धूळ आणि कागद उडायला लागले, म्हणजे वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला. पत्रावळीवर दगड ठेवावा लागतोय, म्हणजे त्या दिवशी पऱ्हाट्या नकोत.

आणखी एक गोष्ट पायथ्याला राहणाऱ्यालाच कळते. दिवसा ऊन लागून डोंगराची हवा तापते आणि वारा उताराने वर चढतो. सूर्य मावळला की तीच हवा थंड होऊन खाली वाहायला लागते. मधे तासभर सगळं शांत असतं. दुपारी चूल मांडताना धूर जंगलाकडे जात होता, म्हणून तुम्ही मागची बाजू मोकळी समजून तिथे गाड्या लावल्या, कडबा ठेवला. रात्री ठिणग्या नेमक्या तिकडे जातात. पार्टी संध्याकाळची असेल तर दोन्ही दिशांचा विचार करूनच जागा निवडा.

२. जागा

नांगरलेलं, ढेकळं वर आलेलं रान सगळ्यात चांगलं. खळ्याची चोपलेली जमीनही छान. चुलीच्या चहूबाजूंनी दहा फूट वाळलेली काडी राहता कामा नये. नुसतं झाडून भागत नाही, खुरप्याने गवत मुळासकट काढा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वणव्याच्या भागातल्या घरांभोवती शंभर फुटांपर्यंत झाडझाडोरा विरळ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण निदान शंभर फुटांत काय काय पेट घेऊ शकतं याची एक फेरी मारून नोंद तरी घ्यावी.

या फेरीत हटकून सापडणाऱ्या गोष्टी:

- कडब्याची गंजी, भुसा, पऱ्हाट्यांचा रचलेला ढीग.
- केळीची बाग. खोड ओलं असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण खोडाभोवती लोंबणारी वाळलेली पानं क्षणात पेटतात आणि खाली ठिबकच्या नळ्या वितळतात.
- फेब्रुवारीत पिकत आलेला गहू, हरभरा. हिरवा दिसत होता तो पंधरवड्यात सोनेरी होतो. शेजाऱ्याच्या रानाकडे त्याच नजरेने बघा.
- हिरवी शेडनेट. तिच्या सावलीत चूल मांडायचा मोह होतो. जाळी प्लास्टिकची आहे, वितळलेले थेंब अंगावर पडतात.
- डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा. तारेखाली चूल नको, तिच्याखालून ज्वाळा वर जाऊ देऊ नका.
- घरात साठवलेला कापूस. भाव वाढेल म्हणून निम्म्या घरांत एक खोली कापसाने भरलेली असते आणि खिडकी उघडी. कापसात ठिणगी गेली की ज्वाळा दिसत नाही. तो आतल्या आत धुमसत राहतो आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. पार्टीच्या दिवशी त्या खोलीची दारं-खिडक्या बंद.

वरही बघा. जवळच्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर जागा बदला. धुराने माशा खवळतात, मग आग बाजूला राहते आणि पंगत सैरावैरा पळते.

काळ्या जमिनीबद्दल एक सूचना. भेगा पडलेल्या रानात चूल नको. निखारा भेगेत गेला की दिसत नाही आणि आतल्या वाळक्या मुळ्या, धसकटं धरून धुमसत राहतो. दुसरी जागाच नसेल तर आधी भेगा ओल्या मातीने बुजवा.

गाड्या गवतात लावू देऊ नका. तापलेल्या सायलेन्सरखाली वाळकं गवत पेट घेतं. पाहुण्यांना हे आधीच सांगा, कारण ते आल्यावर जागा मिळेल तिथे घुसवतात.

३. परवानगी आणि कागद

स्वतःच्या मालकीच्या रानात, जंगलापासून दूर, घरची पार्टी करायची तर फार कागद लागत नाहीत. अडचण हद्दीवर येते. सातपुड्यात अनेक वावरांची एक कड थेट वनहद्दीला लागते. ती कड दगडी बुरुजांनी दाखवलेली असते आणि बुरूज गवतात बुडालेले असतात. त्यामुळे एवढं जवळ ठेवा:

- सातबारा आणि गावनकाशाची प्रत. गट नंबर पाठच असू द्या, आग लागली तर फोनवर तोच सांगायचा आहे.
- वावर दुसऱ्याचं असेल तर मालकाची लेखी संमती. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही चालेल, पण ‘चूल पेटवणार आहोत’ हे शब्द त्यात हवेत.
- वनरक्षकाचा मोबाइल नंबर. हद्दीजवळ असाल तर आदल्या दिवशी त्याला फोन करून सांगा. रात्री डोंगराखाली उजेड दिसला की त्याला धावत यावं लागतं, तो त्रास वाचतो.

राखीव जंगलात आग लावणं, किंवा जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं आणि तशीच सोडणं, भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. यावल, अनेर धरण, गौताळा यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३० लागतं. आणि स्वतःच्या वावरातही निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘माझं वावर, माझी चूल’ हे उत्तर तिथे चालत नाही.

धरणाकाठी, नाल्यात, जंगलातल्या देवस्थानाजवळ पार्टी करायची असेल तर घरून शिजवून न्या.

४. सामान, पेटवण्याआधी जागेवर

- पाण्याने भरलेला दोनशे लिटरचा ड्रम आणि दोन बादल्या. हे पाणी हात धुवायला द्यायचं नाही.
- पाठीवरचा फवारणी पंप, स्वच्छ पाण्याने भरलेला. पसरू पाहणारी लहान आग दाबायला यासारखं साधन नाही. मात्र त्यात तणनाशक भरलेलं असतं, तेव्हा तीन-चार वेळा धुवा आणि त्याचं पाणी वांग्यांजवळ येऊ देऊ नका.
- फावडं, टिकाव, लोखंडी दाताळं.
- ओलं केलेलं गोणपाट दोन-तीन, आणि निंबाचे हिरवे डहाळे.
- टॉर्च. मोबाइलचा उजेड रात्री बांधापलीकडे पोचत नाही.
- राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा.

इथे सगळ्यात मोठी फसगत होते ती मोटरीवर विसंबल्याने. ‘विहीर आहे, मोटर आहे, पाण्याला काय तोटा!’ शेतीची थ्री-फेज लाइट चोवीस तास नसते, आणि बऱ्याच ठिकाणी दिवसाची पाळी की रात्रीची हे आठवड्यागणिक बदलतं. आग लागेल त्या वेळी लाइट असेलच असं नाही, आणि आगीने तारा तुटल्या तर नसणारच. पाणी आधीच काढून ठेवा.

एक माणूस नेमा. सालदार असेल तर उत्तम, नसेल तर घरातला कुणी तरी. त्याने त्या दिवशी दारूला हात लावायचा नाही आणि शेवटची राख गार होईपर्यंत घरी जायचं नाही. त्याचं ताट आधी वाढा.

५. सरपण

पऱ्हाट्या आणि तुरकाट्या, यांच्याशिवाय भरताला तो वास नाही हे मान्य. पण त्या कशा जळतात ते नीट बघा. बारीक फांद्या भसकन पेट घेतात आणि ज्वाळा माणसाच्या उंचीची होते. दोन-चार मिनिटांत ती बसते, म्हणून पुन्हा मूठभर टाकावं लागतं. वेचणीतून राहिलेली बोंडं पऱ्हाटीला तशीच असतात. त्यांतला कापूस पेटतो, सुटतो आणि जळत जळत हवेत जातो. अंधारात पाहिलंत तर कळेल, ठिणगी तिथल्या तिथे विझते, हा पुंजका मात्र पार बांधाच्या पलीकडे जाऊन उतरतो. म्हणून आदल्या दिवशी मुलांना बसवून बोंडं तोडून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याने निम्मा धोका जातो, हे मी ठासून सांगतो.

बाकी थोडक्यात:

- पऱ्हाट्यांचा साठा चुलीपासून वीस पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. लागेल तेवढीच मूठ आणायची.
- पेट्रोल, डिझेल, रॉकेल ओतायचं नाही. धुमसत्या चुलीवर तर नाहीच, भडका उलटा हातातल्या बाटलीकडे येतो.
- कुंपणाची कण्हेर तोडून जाळू नका, तिचं लाकूड आणि धूर विषारी. रंगवलेल्या फळ्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, औषधांचे डबे हेही नको.

६. खड्डा आणि भाजणं

सपाट जमिनीवर पऱ्हाट्या पसरून वांगी टाकायची रीत जुनी आहे. पण जंगलाजवळ असाल तर खड्डा घ्या: दीड फूट खोल, अडीच फूट रुंद, लांबी वांग्यांच्या हिशेबाने. निघालेली माती वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधासारखी रचा, उडणाऱ्या ठिणग्या तिला अडतात. खड्ड्याच्या कडेने हातभर रुंदीचा पट्टा पाणी मारून ओला करा. पाण्याचं काम भाजण्याआधीच सुरू होतं, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही.

वांगी थोडी थोडी भाजा. पाहुणे भुकेजले की कुणीतरी म्हणतं, ‘टाक ना रे सगळ्या काड्या एकदम!’ त्याला कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या लाटायला पाठवा. मोठ्या ज्वाळेत वांगं वरून कोळसा होतं आणि आतून कच्चं राहतं, त्यामुळे चवीच्या बाजूनेही तुमचाच मुद्दा खरा आहे.

भाजणाऱ्याने सुती कपडे घालावेत. नायलॉनची साडी, लोंबती ओढणी, जॅकेट चुलीजवळ नको. लहान मुलांसाठी पाच पावलांवर चुन्याची रेघ मारा. रेघ दिसली की मुलं ऐकतात, मोठे ऐकत नाहीत.

७. ड्रमचा स्मोकर असेल तर

स्मोकरमध्ये उघडी ज्वाळा कमी, म्हणून तो सुरक्षित वाटतो. त्याचा धोका वेगळा आहे. तो साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसवर तासन् तास चालतो, आणि तेवढा वेळ कुणी त्याच्याजवळ उभं राहत नाही. तळाशी निखारे, वर मांस, आणि मधे ठिबकणारी चरबी. चरबी पेटली की घाबरून पाणी टाकू नका, पेटतं तेल उसळून चहूकडे उडतं. झाकण बंद करा, हवेची सगळी भोकं बंद करा आणि थांबा. झाकण उघडून ‘विझली का’ बघितलं की हवा मिळून पुन्हा भडका होतो.

ड्रम कुठून आणला हे विचारा. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा जुना ड्रम कितीही धुतला तरी स्वयंपाकाला चालत नाही. तेलाचा रिकामा ड्रम तर गॅस कटरने कापताना आतल्या वाफेने फुटू शकतो, ते काम घरी करू नका. आतल्या जाळीला जस्ताचा मुलामा नको.

स्मोकर विटांच्या पायावर, उघड्या मातीवर ठेवा. घराच्या भिंतीपासून, पॅकिंग शेडपासून निदान दहा फूट. केळीच्या शेडमध्ये पुठ्ठ्याचे खोके आणि फोम असतो, तिथे सावली कितीही छान असली तरी नको. आणि रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन झोपायचं नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

८. विझवणं

इथे घाई करू नका. सगळ्यांचं जेवण झालेलं असतं, भरीत-पुरीने अंग जड झालेलं असतं, आणि खड्ड्यात वरवर पांढरी राख दिसते.

जुन्या घरांत रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवत आणि सकाळी फुंकर मारून त्यावरच चूल पेटवत. राख निखारा विझवत नाही, जपून ठेवते. मातीचंही तेच, म्हणून खड्डा नुसता मातीने बुजवून निघून जाणं ही सगळ्यात वाईट सवय आहे. वरून छान दिसतं, आत दोन-दोन दिवस धग राहते. कुत्र्यांनी किंवा रानडुकरांनी वांग्याच्या सालींच्या वासाने ती माती उकरली आणि वारा लागला, की काम झालं.

क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा पाणी, सबंध खड्ड्यावर. फस्स आवाज थांबेपर्यंत ओतत राहा. वाफ उलटी येते, तोंड बाजूला ठेवा. मग फावड्याने राख खालून वर करा. पऱ्हाटीचे जाड बुडखे तळाशी असतात, ते एकेक बाहेर काढून पाण्यात बुडवा. पुन्हा पाणी. पुन्हा ढवळा. राखेचा पातळ चिखल व्हायला हवा. शेवटी तळहाताची मागची बाजू चिखलाजवळ न्या. ऊब लागली नाही तरच बोटाने तळ चाचपा. कुठेही कोमट लागलं तर पुन्हा पहिल्यापासून.

खड्डा झाला की टॉर्च घेऊन भोवताली पन्नास पावलांची फेरी, वारा ज्या बाजूला वाहत होता तिथे जास्त लांब. मधून मधून टॉर्च बंद करा. लाल ठिपका अंधारातच दिसतो, आणि धुराचा वास नाकाला डोळ्यांआधी कळतो. तासाभराने दुसरी फेरी.

राख उकिरड्यावर टाकू नका. आपल्याकडे सवयीने टोपली तिकडेच जाते, पण उकिरड्यात वाळका कडबा आणि शेण असतं, ते पोटातून धुमसतं. प्लास्टिकच्या गोणीतही नाही. स्मोकरमधली राख पाणी मारून, ढवळून, झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा आणि मग वाफ्यात टाका.

आकाशकंदील उडवणं आणि फटाके फोडणं यांवर मी चर्चाही करत नाही.

९. सुटलीच तर

पहिल्या अर्ध्या मिनिटात, गुडघ्याएवढी आणि खोलीएवढ्या जागेत असेल तर फवारणी पंप, ओलं गोणपाट, डहाळे. पाणी ज्वाळेच्या शेंड्यावर नको, बुडाशी मारा. डहाळा आपटताना ठिणग्या उडवू नका, आगीवर दाबून जळलेल्या बाजूकडे ओढा. उभं राहायचं ते जळून काळ्या झालेल्या बाजूला, समोरून आगीला भिडायचं नाही.

त्यापेक्षा मोठी झाली तर आधी माणसं हलवा, मुलं आणि म्हातारी पहिल्यांदा. डोंगराच्या वरच्या बाजूला पळू नका. चढावर आग पुढचं गवत आधीच तापवत जाते आणि माणसापेक्षा वेगाने चढते. नाल्याच्या घळीतही उतरू नका. नांगरलेल्या रानात जा.

फोन: वन विभागाची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१, कुठलाच लागला नाही तर ११२. गाव, तालुका, गट नंबर, जवळची खूण आणि वारा कुठे वाहतोय एवढं सांगा. तालुक्याचा बंब पोचायला वेळ लागतो, म्हणून त्याच वेळी पोलीस पाटलाला आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला उठवा. रोटाव्हेटरने आगीच्या पुढे दोन पट्टे मारले तर गवताची आग बऱ्याचदा तिथेच अडते. ट्रॅक्टर मात्र पुरेसं अंतर ठेवून चालवायचा, ज्वाळेला लागून नाही. तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका आणि पाणी मारू नका, आधी वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्या.

कुणी भाजलं तर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई काही नको. अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा, चिकटलेलं कापड ओढू नका, १०८ ला फोन करा.

शेजाऱ्याचं पीक किंवा ठिबक जळालं असेल तर सकाळीच त्याच्याकडे स्वतः जा, आणि दोघं मिळून तलाठ्याला कळवा. पंचनामा होईपर्यंत जळालेल्या नळ्या, कणसं, खांब जागचं हलवू नका. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढून ठेवा आणि सातबाराची प्रत सोबत न्या.